वितळलेल्या ग्रहाकडे, खिशात कांदा घेऊन

आधीच सांगतो, हा प्रवास तुम्ही जरूर करा. फक्त मी केला तसा करू नका.

मी चंद्रपूरचा. नोकरी चेन्नईजवळ ओरगडमला, गाड्यांच्या कारखान्यात, आणि बिऱ्हाड शहरात, अड्यारमध्ये. खालच्या मजल्यावर घरमालक राहतात, राव मामा आणि मामी. तंजावरचे मराठी. घरात मराठीच बोलतात, पण ती अशी जुनी आणि तमिळ हेल काढलेली, की पहिला महिनाभर मी नुसती मान हलवत होतो. मामा भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब होताहेत आणि मधलं दिसणं हळूहळू पुसट होणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय.

एका संध्याकाळी मामा म्हणाले, "डोळे आहेत तंवर एक तारा पाहूनि घेतों."

कर्क राशीत एक बारीकसा तारा आहे. त्याच्या अगदी कुशीत एक खडकाळ ग्रह फिरतो. इतका जवळून, की त्याचं वर्ष आपल्या एका दिवसाच्या आतच संपतं आणि दगड वितळावा एवढं तिथं तापतं. ग्रह दिसत नाही, पण तारा अंधाऱ्या जागेवरून साध्या दुर्बिणीतून दिसतो. त्याचा उजेड इथं यायला एकेचाळीस वर्षं लागतात. मामा-मामींच्या लग्नालाही साधारण तितकीच झाली. "लग्नाचे वेळचा उजेड हो तो," मामा म्हणाले, आणि मामी लाजून आत गेल्या.

मी लगेच बोलून बसलो, "मी नेतो ना तुम्हाला, मामा! वेल्लोरच्या पुढं जव्वादू डोंगरावर मस्त अंधार असतो, तिथं जाऊ."

मामी म्हणाल्या, "आत्तां कत्तिरी चालू आहे. एसी गाडी करा, पहाटे निघा." कत्तिरी म्हणजे इकडचे मे महिन्यातले सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. मी हसलो. "मामी, आमच्या चंद्रपुरात याला ऊन म्हणत नाहीत, बाप्पा! बसनं जाऊ. खरी मजा बसमध्येच." मग मी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरातून एक कांदा मागितला आणि मामांच्या शर्टाच्या खिशात सारला. "आमच्याकडे खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही."

मामांना गंमत वाटली. त्यांनी खिसा थोपटला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि निघाले.

आता कामाचं. कोयंबेडूहून वेल्लोरच्या बसेस सारख्या सुटतात, तिकीट अगदी किरकोळ. रस्ता सरळ आणि उत्तम. वाटेतल्या थांब्यावर पोंगल खाल्लं, झकास होतं. खिडकीतून गरम वारा यायला लागला तेव्हा मी मोबाइलवर व्हिडिओ काढत बोलत होतो, "मंडळी, आपण चाललोय दगड वितळवणाऱ्या ग्रहाकडे, आणि लोक म्हणतात चेन्नईला गरम होतं!" मामा माझ्यामागे रुमालानं मान पुसत होते. तो व्हिडिओ मी नंतर पाहिला. पुन्हा बघवला नाही.

वेल्लोरला पुढची बस यायची होती. भर दुपार. मामा म्हणाले, "थोडें सावलींत बसूं का?" मी म्हटलं, "बसलो तर जागा जाईल, मामा." जागा मिळालीच नाही. डोंगराच्या पायथ्याशी अलंगायम आहे, तिथपर्यंत मामा उभेच होते. एका मुलीनं उठून त्यांना जागा देऊ केली, तर मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "वेंडाम, नको, ठीक आहे." माझ्यासमोर त्यांना कच्चं दिसायचं नव्हतं, हे मला आत्ता कळतंय. आमच्याकडचं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. इथं हवाच ओली. तो घाम अंगावरच राहतो आणि माणूस आतल्या आत शिजतो. शिवाय चंद्रपुरात तरी दुपारी म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर कोण काढतं? मीही नाही काढत.

अलंगायमला उतरताना मामा चक्कर येऊन कोसळले. ताडगोळे विकणाऱ्या बाईनं "अय्यो!" म्हणत पाण्याची घागर त्यांच्या डोक्यावर रिकामी केली, रिक्षा थांबवली आणि मलाच ओरडली, "पकडा ना, बघता काय!" सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं. नर्सनं शर्ट सैल करताना खिशातला कांदा काढला आणि माझ्यासमोर धरला. "इदु एन्न, सार?" हे काय आहे?

मी कांदा घेऊन मुठीत लपवला. लाज वाटली म्हणजे किती! तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अंधार पडेपर्यंत मामा बोलायला लागले. डोंगर तिथून जवळच होता, पण हलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मामा म्हणाले, "तुम्हीं तरी पाहा. पुष्य नक्षत्राच्या झुबक्यापासून उत्तरेकडे सरका."

मी अंगणात गेलो. सांगितल्याप्रमाणे दुर्बीण सरकवली आणि सापडला. एक फिकट ठिपका, बस. मामांच्या लग्नाच्या वेळचा उजेड माझ्या डोळ्यात पडत होता आणि मला रडू येत होतं.

"दिसला?" आत गेल्यावर मामांनी विचारलं.

"हो."

"कसा?"

"साधाच, मामा."

"सरी, बरें," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी एसी गाडी केली. वाटेत मामा म्हणाले, "बसचा हट्ट मी केला म्हणून सांगतों. तुम्हीं बोलूं नका." मी "नको" म्हणायला हवं होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मामी दारातच उभ्या होत्या. मामांनी ठरल्याप्रमाणे हट्ट आपल्या अंगावर घेतला; त्यांना रागावून झालं, मग मामी माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता आपली पाळी. "तुम्हीं होतां म्हणोन वांचले," म्हणाल्या. "आणि तो कांदा होता म्हणोन."

कर्क राशी आता मावळतीला गेली, संध्याकाळी पुन्हा दिसेल ती हिवाळ्यात. तोवर मामांना किती दिसेल, कोण सांगणार. मामींनी मात्र ठरवलंय की तेव्हा त्यांना माझ्याशिवाय कोणासोबत पाठवायचं नाही. मामा दुकानात जरी निघाले तरी त्यांच्या खिशात एक कांदा असतो. जिन्यात भेटले की खिसा थोपटून हसतात, आणि मी चपला शोधल्यासारखं करतो.

तुम्ही जाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. गाडी करा, म्हाताऱ्या माणसाचं ऐका.

हे सगळं मी इथं लिहिलं, एकही गोष्ट गाळली नाही. पण मामी मराठी बोलतात, वाचतात फक्त तमिळ. मामांना एवढी बारीक अक्षरं आता दिसत नाहीत. लिहायला बसलो तेव्हा हे मला पक्कं ठाऊक होतं. आत्ता खालून मामींची हाक आलीय, कॉफी झाली म्हणून.