चांगुणाची शिसारी

"राग आला म्हण, कटाळा आला म्हण. पन शिसारी? नवऱ्याची?" भीमाबाईंनी भावजयीला सुनावलं. "असला शब्द तोंडातून काढू न्हाई, चांगुणे."

"मंग दुसरा सांगा, वन्सं. मला तर सापडत न्हाई."

गहिनीनाथ भिंतीला टेकून बसले होते. समोर त्यांचं ताट. जेवण उरकल्यावर त्यांनी रोजच्यासारखा ताटातच हात धुतला होता, चूळही त्यातच टाकली होती. पिवळट पाण्यावर तेलाचे थेंब तरंगत होते. मधोमध फुगलेली शितं आणि दातातून निघालेला मेथीचा दोरा.

चांगुणा नाजूक बाई नव्हती. शेवगावजवळच्या त्या वस्तीवर गाईच्या जखमेतले किडे ती बोटानं काढायची. अंथरुणाला खिळलेल्या सासूची पाठ चिघळली, तीही तिनंच पुसली आणि हात धुऊन भाकरी थापली. ती घाण होती. घाण धुतली की जाते. हे ताट उचलताना मात्र अंगठा त्या कोमट पाण्यात बुडायचा आणि पोटातून काहीतरी वर यायचं. मोरीशी पोचेपर्यंत ती श्वास घेत नसे.

"इतकी वर्सं उचाललं, तवा कुठं हुती शिसारी?" गहिनीनाथांनी विचारलं.

"पयल्या दिवसापासनं हुती. बोलायची सोय नव्हती."

बापाशेजारी जेवणाऱ्या पार्थनं भांडण ऐकता ऐकताच तांब्या उचलला, ताटात बोटं खळबळली आणि गाल फुगवून चूळ टाकली. आपण काही केलं, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याची बायको अश्विनी लग्न होऊन नुकतीच घरात आलेली. ती मुकाट्यानं पुढं झाली, ताट उचललं. पाणी हिंदकळून तिच्या मनगटावर आलं. तिनं ओठ आवळले, तोंड फिरवलं, श्वास धरला.

चांगुणानं तो धरलेला श्वास ओळखला.

"ठेव खाली."

अश्विनीनं आत्यासासूकडे पाहिलं.

"ठेव म्हनते ना."

"पोरीला नको ते शिकवू नकोस," भीमाबाई म्हणाल्या.

"म्या काय शिकवायचं? तिचं तिला आलंय."

चांगुणानं पदर खोचला आणि बापलेकांकडे पाहिलं.

"आजपासनं ज्यानं त्यानं आपलं ताट मोरीत न्यायचं. ज्याचं ताट हितं ऱ्हाईल, त्याला रातच्याला त्याच ताटात वाढीन. पानी न सांडता."