मांडीवर घागर घेतलेली बाई

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत ती बाई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर नवी मातीची घागर होती. बस आदळली की ती दोन्ही हातांनी घागर पोटाशी धरायची.

माझ्या हातात माझ्या पत्नीचं आवडतं पुस्तक होतं, भीतीच्या आणि अद्भुताच्या कथांचं. ती हिवाळ्यात गेली. आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात; तिच्या नावाने पहिली घागर भरायची माझी हिंमत होईना, म्हणून जळगावातलं पिंप्राळ्याचं घर बंद करून मी धुळ्याला बहिणीकडे निघालो होतो.

"काय वाची ऱ्हायना, भाऊ?"

"भुतांच्या गोष्टी, अक्का."

"मंग मोठ्यानं वाच ना." तिने घागरीवर टिचकी मारली. "हाई मना मालकसाठे. जित्ता व्हता तवय बी त्याले पानी हातमाच लागे."

मी वाचू लागलो. मेलेली सून घरी परत येते, दार वाजवत राहते. आतली माणसं कडीला हात लावत नाहीत, श्वास रोखून बसतात. बाई घाबरली असेल असं मला वाटलं. ती मात्र चिडली होती.

"दार का बरं उघाडतस नही? घरनीच शे ना ती! इतली लांबतीन उनी, तिले तहान लागनी व्हई."

घरचीच, इतक्या लांबून आलेली, तहानलेली. मला पुढची ओळ दिसेना.

धुळ्याला ती घागर काखेत घेऊन उतरली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. येत नाही म्हणून मी बहिणीला फोन केला, बाजारातून एक घागर घेतली आणि ती मांडीवर धरून परतीच्या बसमध्ये बसलो.

ती गोष्ट पुढे वाचली नाही. दुसऱ्या दिवशी घागर भरताना पुढचं दार मात्र सताड उघडं ठेवलं.