धर्मापुरीतले नऊ खुनी

आधीच सांगून ठेवते, या लेखात खुनी कोण ते उघड होणार आहे. ज्यांना चित्रपट बघायचाय त्यांनी इथेच थांबावं आणि धर्मापुरीची गाडी पकडावी. दुसरीकडे कुठे तो लागलेला नाही.

निमित्त शारदाचं. कॉलेजात असताना आम्ही एका वसतिगृहात होतो, आता ती परळी तालुक्यातल्या धर्मापुरीत शिक्षिका आहे. वसतिगृहात एका जुन्या, गाजलेल्या रहस्यकादंबरीची एकच प्रत हातोहात फिरायची. शारदाचा नंबर आला तेव्हा पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. बिचारी रडकुंडीला आली होती. तर वीस वर्षांनी याच शारदाने त्याच कादंबरीवर गावातली माणसं घेऊन चित्रपट काढला आणि मला फोन केला. "या वेळी शेवटच्या मिनिटापर्यंत कुणाला कळणार नाही. तू यायचंच." मी नाही म्हणूच शकत नव्हते. ते नाव मी लिहिलं होतं, आणि हे तिला कधी सांगितलेलं नव्हतं.

पुण्याहून सकाळची परळी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाचलेल्या पैशांची भजी नगरला खाल्ली. बीडपर्यंत गाडी छान पळाली. तेलगावच्या आसपास मात्र उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो. दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस आणि ट्रॅक्टरवर इतक्या मोठ्याने गाणी की मागच्या हॉर्नचा काही उपयोग नाही. कंडक्टरला तेवढाच गप्पांना वेळ मिळाला.

"धर्मापुरीला देवळासाठी चाललाव का?"

"नाही, सिनेमा बघायला."

"तिथं टॉकीज कुठं हाय बाई?"

"उद्यापुरती आहे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच जरा साशंक झाले. परळीला उतरून पुढे जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या ड्रायव्हरच्या हातात असते.

शारदाच्या घरी पाहुण्यांची गर्दी होती, म्हणून माझी सोय शिवलिंगआप्पांकडे झाली. आप्पांचं किराणा दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. चित्रपटात ते मयताचे प्रेमळ काका झाले होते. त्यांच्या बायकोने, गंगाकाकूंनी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढता वाढता आपली तक्रार माझ्यापुढे मांडली.

"खून कुणी केला इचारलं तर वरीसभर सांगंनात हे. म्या म्हनलं, मी काय पेपरात देनार हाय का?"

"मला ठावं न्हाई," आप्पा ताटात बघत म्हणाले.

शारदाचा बंदोबस्त कडक होता. प्रत्येकाला फक्त त्याच्या प्रसंगाची पानं दिलेली. शेवटचा प्रसंग तर ती, कॅमेरावाला आणि खुनी अशा तिघांनीच उरकलेला. कादंबरीतला बंगला इथे सरकी काढायची बंद पडलेली जिनिंग झाली होती, आणि पाइप ओढणारा गुप्तहेर निवृत्त तलाठी झाला होता, जो काळ्या मातीतल्या पावलांवरून माणूस ओळखतो. हे मला फार आवडलं.

सकाळी सुशीला खाल्ली (चुरमुऱ्यांचा हा झणझणीत प्रकार इकडे आलात तर सोडू नका) आणि केदारेश्वराचं देऊळ पाहून आले. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींसाठी तासभर हाताशी ठेवा. दुपारी दोनला मंगल कार्यालयात पोचले, तर खिडक्यांना शेततळ्यात अंथरतात तो काळा प्लॅस्टिकचा कागद लावून मस्त अंधार केलेला. शारदाने हाताला धरून मला पहिल्या रांगेत बसवलं.

आणि मग सत्कार सुरू झाले.

सत्काराशिवाय आपल्याकडे कार्यक्रम होत नाही, हे शारदा एवढ्या बंदोबस्तात विसरली होती. मी पुण्याहून आले एवढ्याच गुणावर प्रमुख पाहुणी झाले आणि माझ्या हाती शाल-श्रीफळं आली. माइकवर निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे गावाचे गुरुजी. शारदाच्या नवऱ्याने तिच्या वहीतून उतरवून त्यांना नऊ कलाकारांची यादी दिली होती, नाव आणि पुढे भूमिका अशी. गुरुजींनी आयुष्यात कधी यादीतला शब्द गाळलेला नाही. पहिलंच नाव मानाने ज्येष्ठ कलाकाराचं होतं.

"खुन्याची अवघड भूमिका समर्थपणे पेलणारे, आपल्या सर्वांचे लाडके शिवलिंगआप्पा!"

शारदाचा चेहरा बघवेना. तिला पुन्हा वसतिगृहात त्या पहिल्या पानासमोर बसलेली पाहिली मी, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पा सावकाश मंचावर आले. माझ्याकडून शाल घेतली, नारळ काखेत धरला आणि माइक ओढून घेतला.

"मंडळी, शारदाबाईनं सगळ्याच्याच नावापुढं खुनी लिहिलंय. कुनाला वळखू येऊ नाई म्हनून. गुरुजी, पुढचं वाचा."

गुरुजींनी यादीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा यादी न बघता बोलले. "खुन्याच्या भूमिकेत, आपले पोस्टमन." मग खुनी डॉक्टर, खुनी सूनबाई. गुप्तहेर तलाठ्याचं काम केलेले गृहस्थसुद्धा खुनी म्हणून नारळ घेऊन गेले. नऊ खुन्यांना मी नऊ शाली पांघरवल्या. लोक हसून हसून बेजार, आणि शारदाच्या तोंडावर रंग परतला.

चित्रपट दीड तासाचा. शेवटी आप्पांनी थंडपणे गुन्हा कबूल केला तेव्हा सगळं सभागृह एका सुरात "अगं बाई" म्हणालं. शारदा रडली. मीही रडले, पण माझी कारणं जरा वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी निघताना गंगाकाकूंनी धपाटे बांधून दिले. मी विचारलं, "काकू, शेवट बघून धक्का बसला का?"

"कशाचा? गुरुजी बोलले तवाच कळालं की समद्यांला. आन् आमचे हे एका दमात एवढं बोलतेत व्हय? खोटंच असनार." त्यांनी पिशवीला गाठ मारली. "पन मॅडमनी लई जीव लावून केलतं ओ. मंग आमी ठरिवलं, कळालंच न्हाई."

परतीच्या प्रवासात धपाटे बीडच्या आधीच संपले. खर्च म्हणाल तर जाऊन-येऊन एका चांगल्या हॉटेलातल्या जेवणाएवढा. पण काकूंचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. घरी पोचल्यावर शारदाला फोन लावला. तिनेच विषय काढला. "तीनशे माणसं एका सुरात दचकत नसतात गं. पडद्यापेक्षा खुर्च्यांवर जास्त चांगला अभिनय चालला होता." आणि ती खूप वेळ हसत राहिली.

मग मी धीर केला. "शारदा, त्या पुस्तकावर नाव मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. हिरवी पेन्सिल अख्ख्या वसतिगृहात एकट्या तुझ्याकडे होती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ठरवलं होतं," शारदा म्हणाली, "कळलंच नाही म्हणून."