तारेचे वेढे

वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा एवढंच म्हणाले, "कोकणातलं रेडिओ केंद्र लाव रे."

आमच्या सोलापूरच्या घरात त्या केंद्राची नुसती खरखर यायची. मग मी एरियल म्हणून लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळली, वेढ्यावर वेढे दिले, टोकं रेडिओला जोडली. संध्याकाळी चौकट हळूहळू फिरवताना एका कोनात खरखर विरली आणि कुणी बाई मालवणीत भातलावणीबद्दल बोलू लागली.

हा आवाज रोजच आमच्या खोलीतून जात असणार. जवळच्या माणसांचंही किती बोलणं असंच निघून जातं, धरायला आपल्यापाशी काही नसतं म्हणून.

वडिलांनी डोळे मिटले होते. मी विचारलं, "आवाज वाढवू?"

"नको," ते म्हणाले. "माझी आई अशीच हळू बोलायची."