नळीतला बोळा

आमची गाडी लहान होती. विलायतेला परत जाणाऱ्या एका जंगल-अधिकाऱ्याकडून मी ती घेतली तेव्हाच ती तेल गाळत होती. फार नाही. उभी केली की इंजिनाच्या पोटाशी, पत्र्याआड खाली वळलेल्या एका आखूड नळीतून थेंब-दोन थेंब पडायचे. अमरावतीच्या आमच्या अंगणात त्यांचा काळा डाग झाला होता. मी कॉलेजात शिकवतो. यंत्रातलं मला कळत नाही, आणि त्या डागाने माझं काही अडत नव्हतं.

अडलं माझ्या पत्नीचं, तेही माहेरी. अकोल्याला जुन्या शहरात तिच्या वडिलांचं घर, दारात धुऊन लख्ख केलेली फरशी. गाडी घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा निघताना फरशीवर तेल दिसलं आणि तिची भावजय उंबऱ्यातून म्हणाली, "जवाईबुवांच्या गाडीले दात येऊन राहिले वाटते. लाळ गळून राहिली."

सगळे हसले. मीही हसलो. परतताना माझी पत्नी मूर्तिजापूर येईपर्यंत बोलली नाही.

त्यानंतर आम्ही एकदाच बरोबर गेलो. तिला काही दिवस माहेरी राहायचं होतं, मी सोडायला गेलो होतो. मी सासऱ्यांचा निरोप घेत असताना ती गाडीखाली वाकून पाहत होती. मग भावजयीला हाक मारून तिने फरशी दाखवली. फरशी कोरडी होती. दोघी काहीतरी बोलून हसल्या. परतीच्या वाटेवर बडनेऱ्याच्या अलीकडे जळक्या तेलाचा वास सुटला. घरी येऊन झाकण उघडलं तर सगळं इंजिन तेलाने माखलेलं.

गाडी दुरुस्त करावी असं मनात होतं, तोच अकोल्याहून तार आली की तिला ताप आहे. मी रेल्वेने गेलो. अंगणात माणसं उभी होती आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी चपला काढल्या, पाय धुतले, आणि ती कुठल्या खोलीत आहे असं विचारलं. तो प्रश्न मी विचारला, हे मला अजून खरं वाटत नाही.

दहाव्यानंतर सासूबाईंनी ती गेली त्या जागी पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला आणि वर टोपली झाकली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याची खूण पिठावर उमटते, असं मानतात. माझा विश्वास नव्हता. तरी सकाळी टोपली उचलताना मी सगळ्यांच्या पुढे होतो. पीठ जसं पसरलं होतं तसंच होतं. मुंगीचं पाऊलसुद्धा नाही. सासूबाईंनी हाताने ते गोळा केलं आणि आत गेल्या.

नंतरचे कित्येक महिने गाडी छपराखाली उभी राहिली. मिस्त्रीने दोनदा येऊन सांध्यांमधली गॅस्केटं बदलली. पुढून थांबवलं की तेल मागून यायचं. शेवटी तो म्हणाला की गाडीचं वय झालं, वरूडचा एक संत्र्याचा बागाईतदार विहिरीवरच्या पंपासाठी इंजिन मागतो आहे, देऊन मोकळे व्हा. त्या गाडीत डाव्या बाजूच्या सीटवर ती शेवटची बसली होती. हे मिस्त्रीला सांगण्यासारखं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, आणखी एकदा बघा, नाही सापडलं तर घेऊन जाऊ द्या.

त्याने कुरकुरत इंजिन रॉकेलने धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि घरातून पीठ मागितलं. तेल जिथून निघतं तिथे पीठ ओलं होतं, मग गळती कळते, असं त्याचं म्हणणं. माझी आई आतून ज्वारीचं पीठ घेऊन आली. तिने ते माझ्या हातात दिलं आणि तिथेच उभी राहिली. मिस्त्री चिमटीने पीठ भुरभुरत होता.

इंजिन सुरू केलं. थोड्या वेळात पिठावर डाग उमटले, एका जागी नाही, सगळ्या सांध्यांवर एकदम. एका जागून गळलं तर गॅस्केट, मिस्त्री म्हणाला. साऱ्या जागून गळतं म्हणजे आत वारा कोंडला आहे. त्याने इंजिन बंद केलं, आडवा होऊन पत्र्याआड हात घातला आणि ती नळी चाचपली.

"मास्तर, हे काहून बंद केलं?"

"मी नाही केलं."

"मंग गाडीनं सोताच केलं का?"

त्याने पकडीने ओढून एक काळा बोळा बाहेर काढला. इंजिनाचा वारा निघायची जागाच बुजवली, मग ते मिळेल तिथून थुंकणार नाही तर काय, असं बडबडत त्याने तो रॉकेलच्या घमेल्यात टाकला. तेल सुटलं. आत पिळून घट्ट केलेला कापूस, वर चिंधी, दोऱ्याने आवळलेली. चिंधीला जांभळा काठ होता.

मी पायरीवर बसलो. मिस्त्रीला वाटलं मला चक्कर आली. तो पाणी मागू लागला.

आईने घमेल्यात वाकून पाहिलं. "तिचं लुगडं आहे," ती म्हणाली. "गोधडीसाठी फाडलं होतं."

मला ती अकोल्याच्या फरशीशी वाकलेली दिसली. माझ्या गाडीला पुन्हा कुणी हसू नये म्हणून तिने अमरावतीहून निघण्याआधी हे केलं असणार. मला सांगितलं नाही. मी हसण्यावारी नेलं असतं.

मिस्त्रीने पुन्हा सगळं धुतलं, पुन्हा पीठ भुरभुरलं. या वेळी ते पांढरंच राहिलं. इंजिन बंद केल्यावर नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला आणि खाली पडला.

"एवढं तं गळनच," तो म्हणाला. "वरूडवाल्याले नाही म्हनून सांगतो."

बोळा फेकायला त्याने हात उचलला, तो मी मागून घेतला.

वर्षश्राद्धाला मी गाडीनेच अकोल्याला गेलो. विधी आटोपून बाहेर आलो तर भावजय गाडीपाशी उभी होती. फरशीवर तेल पडलं होतं. ती आत गेली, एक पसरट डबा घेऊन आली आणि वाकून नळीखाली सरकवला.

"गळू द्या, जवाईबुवा," ती म्हणाली.

बोळा तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात होता. त्याबद्दल मी तिला काही सांगितलं नाही.