कान पाण्यात बुडवून: सांगलीजवळचे चार दिवस

सांगलीला जायचं ठरलं ते विमलमुळे. साताऱ्यात आम्ही दोघी एका खोलीत राहतो आणि एकाच सरकारी कार्यालयात नकाशे काढतो. सहा महिने ती मला भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपताना पाहत होती. होळीला जोडून सुट्टी आली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझ्या आईकडे चल. ती तुला नदीत निजवेल."

कारण सांगायला मला आवडत नाही. पण ते वगळलं तर पुढचा रस्ता सांगण्यात अर्थ नाही. कोयनेच्या भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. अंगावर दार, दारावर माती, मी उताणी, आणि पाठीखाली जमिनीची धडधड. बाहेर काढलं तेव्हा उजाडलं होतं. एकही हाड मोडलं नव्हतं. नंतरच्या नऊ वर्षांत मी पाठीवर पडले नाही. पडले की श्वास अडकतो, आणि कुशीवर निजले तरी झोपेत उताणी होते. डॉक्टरांनी दोनदा छाती तपासली. ती ठणठणीत आहे.

सांगलीची एसटी सकाळी सातची धरावी, आणि उजवीकडची खिडकी; ऊन डावीकडून येतं. कराडच्या स्टँडवर चहा-भजी होण्याइतका वेळ मिळतो. मलकापूर मागे पडलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. पेठ नाक्याला गाडी डावीकडे वळते, मग इस्लामपूर, आष्टा आणि सांगली. स्टँडवर विमलनं भडंगाचा पुडा घेतला. तिथून गावची छोटी गाडी, आणि शेवटचा अर्धा मैल पायी. पिशवी हलकी ठेवा.

विमलचं घर जैन शेतकऱ्याचं. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं, तेव्हा भूक लवकर लागेल अशी व्यवस्था करा. ज्वारीची भाकरी, कांदा-लसणाशिवायची आमटी आणि सुरी लागेल इतकं घट्ट दही. विमलची आई, पद्माक्का, उंच आणि कमी बोलणारी. मला बरं वाटलं. त्यांची शेती नदीच्या दोन्ही काठांना, त्यामुळे या घरात आलेली सून आधी पाण्यावर पडायला शिकते, चुलीकडे नंतर जाते. तीन सुना आणि दोन मुली त्यांनी अशा तयार केल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेलो. मार्चमध्ये पाणी संथ असतं, तळ दिसतो. पावसाळ्यात इकडे फिरकूही नये, आणि माहीतगार माणसाशिवाय पाण्यात उतरू नये. शिकण्याचं साधन म्हणजे दोन वाळलेले भोपळे दोरीनं जोडलेली सांगड. ती काखेखाली घ्यायची. मी भोपळ्यांचा घेर दोरीनं मोजला आणि हिशोब केला. सांगड मला सहज उचलणार होती.

पद्माक्का बघत होत्या. विमलला म्हणाल्या, "हिला मी शिकवायचं, का हिनं मला?"

हिशोब बरोबर होता, तरी माझे पाय बुडत होते. मी मान ताठ वर धरली होती. पद्माक्कांनी पाठीखाली हात घातला. "कान बुडव. कान बुडल्याबिगर पाणी धरत न्हाई."

कान बुडवले आणि पाण्यातून तो आवाज आला. खालून, सगळीकडून, धडधड. मी उसळले, पाणी प्याले, पद्माक्कांच्या दंडावर माझी नखं उमटली. तो काठावरच्या इंजनाचा आवाज होता. विमलचे वडील, अण्णा, उसाला पाणी देत होते. पद्माक्कांनी काय झालं ते विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी काठाकडे तोंड करून हाक मारली, "आवं, इंजन बंद करा."

अण्णांनी ते बंद केलं, पण ऐकवलंच. "बंद कराया एक बोट लागतंय. चालू कराया माझा खांदा निखळतोय." इंजन हँडल मारून चालू करावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या शांततेत विमलनं काठावरून चाळीस आकडे मोजेपर्यंत मी उताणी राहिले. तिसऱ्या दिवशी इंजन पुन्हा बंद, आणि पद्माक्कांची दोन बोटं माझ्या पाठीखाली. बऱ्याच वेळानं मान वळवली तर पद्माक्का पायरीवर लुगडं धूत होत्या. बोटं कधीच गेली होती. मला हसू आलं आणि तोंडात पाणी गेलं.

पण ऊस माझ्यापायी तहानलेला होता, आणि साताऱ्यात माझ्यासाठी कोण काय बंद करणार? चौथ्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, आज इंजन चालू राहू द्या. मी हात वर केला तरच थांबवा.

ते इंजनापाशी उभे राहिले. मी कान बुडवले. धडधड आली, छातीत श्वास थांबला. मी ठोके मोजू लागले. ठोके एकसारखे होते, मधूनच एक चुकत होता. जमिनीचा आवाज कधी थांबेल, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हा मात्र अण्णांच्या बोटानं थांबणार होता. श्वास आत गेला, बाहेर आला. वर आभाळ होतं, आणि आभाळच होतं.

किती वेळ गेला ते मोजायचं राहिलं. मग विमल काठावरून बघतेय हे दिसलं आणि आनंदाच्या भरात मी तिला हात केला.

अण्णांनी तत्परतेनं इंजन बंद केलं.

"आवं, पोरगी खुशीत हात हलवती!" पद्माक्का ओरडल्या. अण्णा खांदा धरून खाली बसले. आम्ही तिघी हसत सुटलो, आणि शेवटी तेही. हँडल मी मारलं. तिसऱ्या खेपेला इंजन लागलं. माझा खांदा दोन दिवस दुखला.

साताऱ्याला परतल्यावर सगळं एकदम बदललं असं नाही. पहिल्या रात्री पाठीवर वीस मिनिटं, मग भिंत. पुढच्या रविवारी दुपारी मी खाटेवर उताणी पडले होते, तेवढ्यात खालची पिठाची गिरणी सुरू झाली आणि खाट थरथरू लागली. विमल उठली आणि खिडकी लावायला निघाली.

"राहू दे," मी म्हटलं, आणि ठोके मोजू लागले. साठाच्या पुढे कुठेतरी मला झोप लागली.