टाके ओले असताना

आठवीच्या पोरांना मी प्रजननाचा धडा फळ्यावर आकृत्या काढून शिकवते, एक शब्द गिळत नाही. सासऱ्यांसमोर मात्र माझी जीभ टाळूला चिकटली. भोगलं कुणी? मुक्या जनावरानं.

आमचा कुत्रा माद्यांच्या मागे परळीच्या रस्त्यावर धावायचा. वीज केंद्राची राख वाहणारे टिप्पर तिथं कुणासाठी थांबत नाहीत. दोनदा थोडक्यात वाचला, तेव्हा मी त्याची नसबंदी करून आणली. डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस बांधून ठेवा, चालवू नका. नवऱ्याला म्हटलं, मामांना तुम्ही सांगा. तर म्हणे, त्यात काय सांगायचं! सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा मी पदर सावरत म्हणाले, "काही नाही मामा, बारीकसं ऑपरेशन." आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

सासऱ्यांनी जन्मभर खोंड खच्ची केलेले. त्यांना बघताच कळलं. खोंड खच्ची केला की त्याला चालवायचा, म्हणजे सूज उतरते, ही आमच्याकडची रीत. त्यांनी मायेनं साखळी धरली आणि कुत्र्याला पार शेतापर्यंत नेलं. तो खाली बसला की ओढून उठवलं. मी घरी आले तर टाके उसवलेले, आणि म्हातारा धोतराच्या सोग्यानं रक्त टिपत बसलेला.

"कुणी सांगितलं होतं चालवायला?" मी ओरडलेच. सासऱ्यांवर पहिल्यांदा.

"तू कावून सांगितलं न्हाई पोरी? मला बैल ठावं हायेत, कुत्रं न्हाई."

लाज वाटली स्वतःची.

पुन्हा टाके घातले, जखम भरली. कुत्रा आता रस्त्याकडे फिरकत नाही. घर पूर्वीसारखंच राखतो, माझ्याशी खेळतो. पण रोज संध्याकाळी सासरे साखळी घेऊन फाटकाशी उभे राहतात, "चल गड्या" म्हणतात, अन् तो माझ्या बाजेखाली शिरतो. आधी हाक यायच्या आत पुढं पळायचा.

परवा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या ऑपरेशननं असं हुतं का गं? मानसाची माया तुटती?"

डॉक्टरांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, मुळीच नाही. दुखलेलं आठवतं त्याला.

"होतं मामा," मी म्हणाले. "ऑपरेशननंच होतं."

"आस्सं," ते म्हणाले. साखळी खुंटीला अडकवली, आणि एकटेच शेताकडे निघाले.